‘ती ओळ माझी’ म्हणणारे पांचाळ सर

गौरवग्रंथात प्रत्येकाची पहिली भेट फार मंगल असते. माझी तशी नव्हती. श्री. गंगाधरराव पांचाळ माझ्या टेबलासमोर पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा मी त्यांना ‘बसा’ म्हणाले नाही.

नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात मी परीक्षा विभागाची अधीक्षक होते. लातूर, कंधार आणि मुखेड येथे संस्थेच्या शाखा होत्या, आणि चारही ठिकाणच्या अंतर्गत गुणांच्या याद्या नुकत्याच कागदावरून संगणकावर गेल्या होत्या. बाहेरच्या एका कंपनीची माणसे येऊन प्रणाली बसवून गेली होती. ती गेल्यावर निम्म्या याद्या कोणालाच उघडेनात, आणि उरलेल्या निम्म्या वाटेल त्याला उघडू लागल्या. हे निस्तरण्यासाठी संगणक विभागात एका नव्या तंत्रज्ञांची नेमणूक झाली. तेच पांचाळ सर, मूळचे मुखेडचे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात दोन पेने. नमस्कार केला आणि म्हणाले, “मॅडम, ह्या फाइली कोणाच्या?”

“संस्थेच्या,” मी म्हणाले. “आणखी कोणाच्या असणार?”

“संस्था बटन दाबत न्हाई मॅडम. दाबणारं माणूस कोण?”

मला तो उद्धटपणा वाटला. मी चष्म्यावरून पाहत विचारले, “वडीलधाऱ्यांसमोर ताठ उभं राहून प्रश्न विचारायचे, ही मुखेडची पद्धत का?”

“न्हाई मॅडम,” सर शांतपणे म्हणाले, “मुखेडला आधी बसायला सांगतात.”

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. मी खुर्ची पुढे केली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाची फाइल मी ठेवू दिली नाही.

पांचाळ सरांना बहुतेक जण ‘कॉम्प्युटरवाले सर’ म्हणून ओळखतात. प्रिंटर अडला की सर, पडदा काळा झाला की सर. सरांचे खरे काम कोणते होते, हे या ग्रंथात लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावे. मलाही ते त्यांच्याकडूनच समजले, आणि एकदा सांगून समजले नाही.

नवी प्रणाली संगणकावर बसवायची तर शेकडो बारीक गोष्टी क्रमाने कराव्या लागतात. कोणता फोल्डर कुठे असावा, कोणती फाइल असावी, कोणती जुनी काढून टाकावी, हे सगळे ओळीने लिहून ठेवतात आणि संगणक ते वरून खाली वाचून करत जातो. या लिहिलेल्या ओळींना स्क्रिप्ट म्हणतात. सर ती लिहीत. शिवाय प्रत्येक फाइलवर तीन प्रकारच्या माणसांसाठी परवानग्या ठरवाव्या लागतात: फाइलचा मालक, त्याचा गट आणि बाकीचे सगळे. त्यांपैकी कोणी फाइल फक्त वाचायची, कोणी तिच्यात लिहायचे, कोणी ती चालवायची, हे आकड्यांनी सांगतात. सात म्हणजे तिन्ही मोकळे. तीन सात म्हणजे सर्वांना सर्व मोकळे.

कंपनीची माणसे जिथे अडत तिथे हे तीन सात लावून मोकळी होत. आमच्या लातूर शाखेचे वरिष्ठ लिपिक श्री. बालाजी शिंदे पत्त्यांचे शौकीन. त्यांनी या युक्तीला ‘तीन सत्ते’ असे नाव दिले आणि ते चारही शाखांत रूढ झाले. फाइल उघडली नाही की शिंदे फोन करत, “सर, लावून टाका की तीन सत्ते! कशाला डोकं खपवून राहिलात?”

“तीन सत्ते हातात आले तर खेळणाऱ्यानं खूश व्हावं, शिंदे,” सर म्हणत. “इथं तुमचे पत्ते समद्या टेबलाला दिसून राहिलेत. आता कसे खेळता?”

त्यांनी नोकरीच्या साऱ्या वर्षांत एकदाही तीन सत्ते लावले नाहीत. एकदा संस्थेचे तत्कालीन सचिव स्वतः संगणक कक्षात आले. निकालाच्या फाइलमध्ये आपल्यालाही लिहिता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मी दारात उभी होते. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, “वाचायची सगळी मोकळीक देतो साहेब. लिहायची न्हाई.”

“मी सचिव आहे, पांचाळ.”

“हाव साहेब. म्हणूनच. निकाल तुम्ही लिहीत न्हाई ना? मग लिहायची परवानगी ठेवली आणि उद्या कोणी विचारलं तर काय सांगायचं?”

सचिव म्हणाले, “वाचायची द्या.” आमच्या संस्थेत सचिवांना इतक्या सौम्य शब्दांत ‘नाही’ म्हणणारे मी दुसरे कोणी पाहिले नाही. उद्दाम शब्दांत म्हणणारी मी होते, आणि त्याचा उपयोग होत नसे.

इथवर लिहिले ते बहुधा सर्वांना रुचेल. पुढचे काहींना रुचणार नाही. पण सरांची साठी आणि माझे सत्तरीकडे झुकलेले वय पाहता, हे आता नाही लिहिले तर कधी लिहायचे?

लातूरला एका परीक्षेच्या आधी पुन्हा तोच गोंधळ झाला. एका प्राध्यापकाने केलेली यादी दुसऱ्याला उघडेना. शिंदे यांचे दिवसाला चार फोन. प्राचार्यांचे दोन. सगळ्यांचे म्हणणे एकच, तीन सत्ते लावा. सरांना ते करायचे नव्हते, आणि प्रत्येक यादी तपासायला वेळही नव्हता. त्यांनी मधला मार्ग काढला. माझ्याकडे येऊन ते म्हणाले, “मॅडम, सगळ्यांना मोकळं करण्यापेक्षा परीक्षेचा लातूरचा सगळा फोल्डर तुमच्या नावावर करतो. तुम्ही मालक. बाकीच्यांना गटातून उघडेल.”

‘नावावर करतो’ हे शब्द ऐकून मला बरे वाटले, हे कबूल करते. जमीन नावावर होते, घर नावावर होते. मी म्हणाले, “करा.” शिंदे यांना समजताच त्यांचा फोन आला, “मॅडम, अख्खं लातूर तुमच्या नावावर झालं म्हणे! पेढे कधी?”

सरांनी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. त्या ओळीचा अर्थ असा, की या फोल्डरमध्ये आणि त्याच्या आत जे जे असेल, त्या प्रत्येकाची मालक रत्नपारखी, म्हणजे मी. आधी कोण मालक होते हे पाहायचे नाही, कुठे लिहून ठेवायचे नाही, सरसकट बदलायचे. लातूरला जितक्या वेळा प्रणाली नव्याने बसवली जाई, तितक्या वेळा ती ओळ चाले. माझ्या कामाच्या सोयीसाठी झालेली ती गोष्ट मी विसरूनही गेले.

मग एका विषयाच्या अंतर्गत गुणांची यादी बदललेली सापडली. प्राध्यापकांनी दिलेला कागद वेगळा आणि संगणकातली यादी वेगळी. काही विद्यार्थ्यांचे गुण वाढलेले होते. संस्थेने तीन सदस्यांची चौकशी समिती नेमली. मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक तिचे अध्यक्ष. समितीने बाहेरून एक जाणकार बोलावून त्या फाइलची माहिती छापून घेतली. ती इंग्रजीत होती. ‘ओनर’ या शब्दापुढे माझे नाव होते. फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची तारीख आणि मी परीक्षेच्या पाहणीसाठी लातूरला गेले होते ती तारीख एकच होती.

समितीचा अहवाल मराठीत व्हायचा होता. अध्यक्षांना ‘मालक’ हा शब्द पटेना. त्यांचा युक्तिवाद मला पुढे ऐकायला मिळाला: संस्थेच्या फाइलची मालक संस्था असते. कर्मचारी मालक कशी होईल? तेव्हा या इंग्रजी शब्दाचा इथला अर्थ ‘ज्याने केले तो’ असाच असला पाहिजे. म्हणून अहवालाच्या मसुद्यात लिहिले गेले, ‘सदर फाइलच्या कर्त्या: श्रीमती प्रमिला रत्नपारखी.’ त्यानंतर मला कारणे दाखवा नोटीस आली.

मी लातूरला जाऊन समितीपुढे उभी राहिले. म्हणाले, “सर, ओनर म्हणजे कर्ता नव्हे. कोणताही शब्दकोश काढा.”

अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, आपण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. इंग्रजी आपलं चांगलं असेल. मराठीचं आमच्यावर सोपवा.”

तीस वर्षे मी एकाही विद्यार्थ्याचा अर्धा गुण कोणाच्या शब्दावरून हलू दिला नव्हता. मंत्र्यांच्या चिठ्ठ्या आलेल्या मी त्याच पाकिटात घालून परत केल्या होत्या. आणि निवृत्तीला दोन वर्षे राहिली असताना एका चुकीच्या मराठी शब्दाने मला गुण वाढवणारी ठरवले. नांदेडच्या स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणी थांबत. वीस वर्षे डबा वाटून खाल्लेल्या एका मैत्रिणीने मला विचारले, “प्रमिला, खरं सांग, कोणासाठी केलंस?” त्या प्रश्नाचा ओरखडा अजून गेलेला नाही.

समितीची पुढची बैठक लातूरलाच होती आणि मला पुन्हा बोलावले होते. पांचाळ सरांना तिथे कोणी बोलावले नव्हते. त्यांच्याविरुद्ध कोणाची तक्रार नव्हती. उलट त्याच महिन्यात संस्थेने चारही शाखांसाठी प्रणालीप्रमुख हे नवे पद काढले होते. कार्यालय लातूरला राहणार होते आणि सरांचे नाव जवळजवळ निश्चित होते. सरांची कन्या त्या वर्षी अकरावीत लातूरला शिकायला जाणार होती. सगळे कुटुंब तिकडे हलवायचे ठरले होते, खोल्यासुद्धा पाहून झाल्या होत्या. हे सगळे मला नंतर समजले. त्या दिवशी एवढेच दिसले की दार उघडले आणि सर हातात कागद घेऊन आत आले.

अध्यक्ष म्हणाले, “पांचाळ, तुमच्यावर कोणाचा आरोप नाही. तुम्ही का आलात?”

“एक ओळ दाखवायची आहे सर.”

“लेखी द्या. बघू.”

“लेखीच आहे सर. पण वाचून कळायची न्हाई. करून दाखवतो. तुम्हाला दोन मिनिटं संगणकावर बसावं लागेल.”

अध्यक्ष कुरकुरत उठले. सरांनी त्यांच्या नावाचे खाते उघडून दिले आणि परीक्षेच्या फोल्डरमध्ये मनाला येईल ते लिहायला सांगितले. अध्यक्षांनी एकेक अक्षर शोधत लिहिले, ‘श्रीमती रत्नपारखी यांचे वर्तन समितीशी असहकाराचे आहे.’ ते त्यांनी माझ्यादेखत लिहिले, यावरून मी त्यांना किती प्रिय होते ते समजावे. सरांनी ते वाचले, चेहऱ्यावर काही दाखवले नाही. फाइल जतन केली. मालक कोण ते पाहिले. अध्यक्षांचेच नाव होते. मग सरांनी आपली स्क्रिप्ट चालवली आणि पुन्हा मालक पाहिला. माझे नाव.

“आता सांगा सर,” पांचाळ सर म्हणाले, “मॅडमविरुद्ध ही तक्रार कोणी लिहिली?”

शिंदे कागद द्यायला आत आले होते. ते पटकन म्हणाले, “मॅडमनीच, सर. कर्त्या त्याच की!” समितीतले एक सदस्य खोकल्याचे निमित्त करून हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

“ही असली ओळ लिहिली कोणी?” त्यांनी विचारले.

“मी लिहिली. ती ओळ माझी. गंगाधर मारोती पांचाळ.”

“कंपनीच्या मूळ प्रणालीत ती नव्हती?”

मला ती खोली अजून दिसते. अध्यक्षांनी नकळत सुटकेचा दरवाजा उघडला होता. कंपनीची माणसे कधीच निघून गेली होती. सरांनी ‘असेल’ एवढेच म्हटले असते तरी मी सुटले असते, ते सुटले असते आणि कोणालाही काही कळले नसते. त्या खोलीत स्क्रिप्ट वाचू शकणारे दुसरे कोणी नव्हते.

“न्हाई सर,” ते म्हणाले. “मीच घातली. घाईत घातली. आधी कोणाची फाइल आहे ते बघायला पाहिजे होतं, बघितलं न्हाई. लिहून ठेवायला पाहिजे होतं, ठेवलं न्हाई. ज्यानं यादी नव्यानं जतन केली, त्याचं नाव तिच्यावर होतं. ते नाव माझ्या ओळीनं गेलं. आता कोणी गुण वाढवले ते कोणालाच सांगता यायचं न्हाई.”

बाहेर व्हरांड्यात ते मला भेटले. ते काही बोलण्याआधीच मी म्हणाले, “चूक तुमचीच होती, पांचाळ. आभार कसले मानू?”

“बरोबर आहे मॅडम,” ते म्हणाले, आणि नांदेडची बस पकडायला गेले.

माझ्यावरची नोटीस मागे घेण्यात आली. अंतिम अहवालात ‘कर्त्या’ हा शब्द राहिला नाही. त्या जागी ‘तंत्रज्ञ श्री. पांचाळ यांच्या निष्काळजीपणामुळे पुरावा नष्ट झाला’ असे वाक्य आले, आणि पुढच्याच महिन्यात प्रणालीप्रमुख म्हणून दुसऱ्या गृहस्थांची नेमणूक झाली. सरांच्या कन्येला लातूरला वसतिगृहात राहावे लागले. दोन वर्षे दर रविवारी सर नांदेडहून पहिल्या बसने तिच्याकडे डबा घेऊन जात. संस्थेने त्यांच्या कामाविषयी ‘निष्काळजी’ हा शब्द लिहिला. ज्यांनी ‘मालक’चा ‘कर्ता’ केला त्यांच्या कामाविषयी मात्र कोणताच शब्द लिहिला नाही. संस्थेच्या या न्यायाला काय म्हणावे, ते मी इथे लिहिले तर संपादक छापणार नाहीत.

सरांनी तक्रार केली नाही. त्यांनी ती स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून नव्याने लिहायला घेतली. आता ती कोणत्याही फाइलला हात लावण्याआधी पाही: फाइल आहे की नाही, मालक कोण, गट कोणता, परवानगी किती. जे दिसेल ते आधी वेगळ्या वहीत, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये, वेळेसह लिहून ठेवी. मगच फाइल असायला हवी तशी आहे का ते ताडून बघे. नसेल तरच बदले, आणि बदलला तेवढाच भाग सांगे. फाइल आधीच योग्य असेल तर तिला अजिबात हात लावत नसे. अशा वेळी पडद्यावर एक ओळ उमटे: ‘हाय तसं हाय.’

शिंदे यांना ते आवडले नाही. “सर, साहेब लोक बघतात. जरा शुद्ध लिवा की. लई गावंढळ दिसून राहिलंय.”

“शुद्ध काय लिहू?”

“कोणताही बदल करण्यात आलेला नाही.”

“कोणी केला न्हाई, ते त्यात कुठंय?” सर म्हणाले. “आणि तुम्ही ते वाक्य वाचणार हाव का? हे वाचता.”

ती ओळ तशीच राहिली. कंधारच्या शाखेतले ग्रंथपाल संगणकाला फार भीत. एकदा बटन दाबले की आपल्या हातून काहीतरी बिघडणार, अशी त्यांची खात्री. सर स्वतः कंधारला जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “काका, हे कितीदाही दाबा. पहिल्यांदा जे करायचं ते करील. नंतर दाबलं तर नुसतं बघील.” ग्रंथपालांनी सरांचा शब्द पारखायचे ठरवले. सर नांदेडला पोहोचेपर्यंत त्यांचे सात फोन आले. प्रत्येक फोनमध्ये एकच वाक्य: “पुन्हा दाबलं. हाय तसं हाय म्हणतंय.” आणि सरांचे प्रत्येक वेळी एकच उत्तर: “छान झालं काका.” आठव्या फोनला ग्रंथपाल म्हणाले, “आता दाबत न्हाई. पटलं.” या माणसाने पुढे निवृत्तीपर्यंत एकट्याने ग्रंथालयाची सगळी प्रणाली सांभाळली.

मी निवृत्त झाले त्या दिवशीची गोष्ट. कर्मचारी गेला की त्याच्या परवानग्या काढून टाकाव्या लागतात. बसल्या जागेवरून दोन मिनिटांचे काम. सरांनी एक रीत पाडली होती. निरोपसमारंभ झाल्यावर ते निघणाऱ्या माणसाच्या टेबलाशी येत आणि त्याच्यादेखत हे काम करत. माझ्याकडेही आले. त्या वेळी मी न विसरता ‘बसा’ म्हणाले.

“मॅडम, एकेक फोल्डर दाखवतो. कोणाच्या नावावर जातंय ते तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणाल तसं पुढं जाऊ.”

“मी हो म्हणण्याची गरज आहे का?”

“नियमात न्हाई,” ते म्हणाले. “पण तीस वर्षं सांभाळलंत. न विचारता एकदा नाव लावलं होतं. काढताना तरी दाखवून काढावं.”

मी म्हणाले, विचारले होते की तुम्ही, मी ‘करा’ म्हणाले होते. ते म्हणाले, काय करून राहिलो ते नीट सांगितले नव्हते, मग ते विचारणे कसले? पाऊण तास ते एकेक फोल्डर दाखवत गेले. शेवटी माझ्या नावावर काहीच उरले नाही. मी पर्स उचलली आणि निघाले. तेव्हाही मला बोलता आले असते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला शिकवले होते की चूक झाली तर उभे राहून, मोठ्याने, सर्वांसमोर सांगायची. ते मी आयुष्यभर इतरांकडून करून घेत आले.

आता या ग्रंथाबद्दल. संपादक मंडळाने सरांच्या जीवनपटाचा मसुदा मला तपासायला पाठवला. शुद्धलेखनाच्या चुका काढून झाल्यावर एक वाक्य समोर आले: ‘काही कारणास्तव लातूर येथील प्रणालीप्रमुखपदाची संधी हुकली.’ मी त्याखाली तांबडी रेघ मारली आणि मंडळाला फोन केला. म्हणाले, कारण लिहा.

“मॅडम, शुभ प्रसंग आहे,” पलीकडून उत्तर आले. “सरांचा गौरव करताना त्यांची चूक कशाला छापायची?”

त्या मंडळातल्या निम्म्या माणसांना ते कारण ठाऊक आहे. सरांची चूक झाकण्याची त्यांना काळजी आहे असे मला वाटत नाही. ती चूक कोणापुढे, कशासाठी उघडी केली गेली, हे सांगितले की संस्थेचीही गोष्ट सांगावी लागते. ‘काही कारणास्तव’ हे दोन शब्द त्यासाठी फार सोयीचे आहेत.

तरीही गोष्ट सरांची आहे, तेव्हा मी त्यांना विचारल्याशिवाय लिहिणार नव्हते. मी फोन केला आणि हा लेख पहिल्यापासून वाचून दाखवला. संपल्यावर मी विचारले, “छापायला परवानगी आहे?”

“छापा मॅडम. फक्त एका ठिकाणी दुरुस्ती करा.”

“कुठे?”

“तुम्ही लिहिलंय, ‘सरांच्या हातून एक चूक झाली.’ झाली नका लिहू. चूक आपोआप होत न्हाई. ‘सरांनी चूक केली’ असं लिहा.”

मी ते वाक्य खोडले. या संपूर्ण ग्रंथात ते आता असे वाचावे: श्री. गंगाधर मारोतराव पांचाळ यांनी घाईत एक चूक केली, ती एका सहकारी स्त्रीच्या अंगावर आली, आणि स्वतःची बढती समोर दिसत असताना ते न बोलावता तिथे गेले आणि ती चूक त्यांनी आपल्या नावावर घेतली. लातूरचे पद त्यांना मिळाले नाही, त्याचे कारण हे आहे. संपादकांनी यातला एक शब्दही बदलू नये.

आणि सरांच्याच व्याकरणाने माझेही एक वाक्य. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, असे मी आजवर स्वतःला सांगत आले. ते राहून गेले नाहीत. मी मानले नाहीत. लातूरच्या त्या व्हरांड्यात मानले नाहीत, निरोपाच्या दिवशी मानले नाहीत, परवा फोनवरसुद्धा मानले नाहीत. आज सर्वांसमोर मानते.

सरांनी साठीच्या पुढे पुष्कळ चालावे. त्यांचे डोळे, गुडघे आणि शांत स्वभाव धड राहावेत. लेकीकडे जाताना त्यांना बसमध्ये बसायला जागा मिळावी, आणि आता डबा तिने त्यांना भरून द्यावा. इतक्या वर्षांचे आभार एका लेखात मावत नाहीत. मला ते थोडे थोडे करून मानावे लागणार आहेत, आणि त्यासाठी सरांचे दीर्घ, निरोगी आयुष्य मला हवेच आहे.